खंडेनवमी आणि भांड्यांचं मशीन

आमच्याकडे खंडेनवमीला कशाकशाची पूजा होते ते सांगत बसले तर चहा गार होईल. खुरपं, विळा, कोयता, विहिरीवरची मोटर, ट्रॅक्टर, मोटरसायकल, माझं शिलाईचं मशीन, मिक्सर. एका वर्षी तर मालकांनी इस्त्रीलासुद्धा हळदीकुंकू लावलं, आणि पुढे कितीतरी दिवस घरातल्या पांढऱ्या कपड्यांवर पिवळे ठिपके उमटत होते.

मालक म्हणजे माझे यजमान. फौजेतनं हवालदार होऊन घरी आलेला माणूस. तिकडं दसऱ्याआधी हत्यारं खोलायची, पुसायची, तेल द्यायचं आणि मगच पूजा करायची, अशी शिस्त. ती त्यांनी ट्रंकेबरोबर घरी आणली. त्यामुळे आमच्या घरात वस्तू आधी खोलली जाते, मग तिची पूजा होते. परत जुळली नाही तर जुळवायला मी असतेच.

मला कुणी शिकवलं नाही बरं का. मालक सरहद्दीवर, आणि इथं स्टो भडकला, मोटरीनं पाणी ओढायचं सोडलं, पंखा थांबला, तर उंब्रजहून माणूस यायचा त्याच्या सवडीनं. तोवर काय करायचं? मी खोलून बघायची. कुठला स्क्रू कुठून काढला ते कळावं म्हणून परातीत काढलेल्या क्रमानं मांडून ठेवायची. तेवढंच माझं शिक्षण. बिघडलेलीच वस्तू, ती आपण अजून किती बिघडवणार?

तर हे भांड्यांच्या मशीनचं सांगायचं होतं. पण त्याआधी माझे हात सांगायला पाहिजेत, कारण ते मशीन आलं हातांपायी.

भांड्याच्या पावडरीनं माझ्या हातांची चाळण झाली होती. बोटांना चिरा, तळवा खरखरीत, थंडीत तर रक्त यायचं. रबरी मोजे घालून बघितले, तर आतनं घाम सुटून खाज वाढली. गावात भांड्यांना बाई मिळत नाही. मी मनावर घेतलं नव्हतं. हातच ते, चालायचंच.

मग पंचमीला लेक आली. सांगलीला असते. ओट्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "आई, तू आज्जी होणार हाईस." मी हातातला झारा टाकला आणि तिच्या गालावरनं, पाठीवरनं हात फिरवला. पंचमीची नवी रेशमी साडी होती तिच्या अंगावर. माझा तळवा साडीत अडकला आणि चर्रकन एक धागा निघून आला. गालावर लाल ओरखडा उठला तो वेगळाच.

लेक हसली, पण माझा हात तिनं सोडला नाही. उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, "बाळाला तेल लावायला, अंघोळ घालायला मी बाई लावणार न्हाई. माझं बाळ तुझ्याच हातनं न्हाणार. पण ह्या हातानं कसं?"

माझी धाकटी चुलत जाऊ तिथंच शेंगा फोडत बसली होती. आमची घरं भिंतीला भिंत लागून, आणि तिच्या तोंडाला फाटक नाही. ती म्हणाली, "आवं आक्का, ह्या हातानं चोळलं तर पोराची साल निघंल की! बटाटा हाय व्हय त्यो?"

आम्ही तिघीही हसलो. पण रात्री माझं माझ्या हाताकडं लक्ष गेलं, आणि मी तो पदराखाली घेतला.

पुढच्या आठवड्यात लेकीनं मला मिरजेला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "आजी, मलम मी देते, पण साबणाच्या पाण्यात हात घातला तर मलमाचा काही उपयोग नाही. थंडीपर्यंत घालायचा नाही. मग बघा, लोण्यासारखे होतील." बाळ थंडीतच येणार होतं. लेकीनं घरी जाऊन दुसरं काही केलं नाही, स्वतःच्या स्वयंपाकघरातलं भांडी धुवायचं मशीन टेम्पोत घालून आमच्याकडं पाठवून दिलं.

गाव बघायला आलं. जाऊबाई पहिल्या रांगेत. मोरीच्या शेजारी ते मशीन बसवलं, सांडपाण्याची नळी मोरीच्या वरच्या खुंटीला अडकवली. पहिल्यांदा चालू झालं तेव्हा सगळे दाराला कान लावून ऐकत होते. जाऊ म्हणाली, "आत कुणीतरी नाचतंय बगा." दार उघडल्यावर वाफ आली, आणि पितळी तांब्या सोडून बाकी सगळं लखलखीत निघालं. तांब्या पार काळवंडला. पितळेचं त्यात घालू नये, हे आम्हाला असं कळलं.

आणखी एक कळलं ते शेंगदाण्याच्या कुटाचं. आपल्या भाजीत कूट म्हणजे जीव. तो पातेल्याला चिकटून आत जातो आणि मशीनच्या तळाशी जी जाळी असते तीत लाडू होऊन बसतो. मग भांडी पांढुरकी निघतात. मी चार दिवसांनी जाळी काढून नळाखाली धरायला लागले. वर पाणी उडवणारा जो पंखा फिरतो, त्याच्या भोकात मोहरी अडकते, ती सुईनं टोकरायची. हे सगळं करताना हातात दुधाच्या पिशव्या घालून मनगटाला रबर लावायची. हात भरत आले होते. चिरा मिटल्या. मी क्रोशाची सुई काढली, जी कितीतरी वर्षं धागा तळव्याला अडकतो म्हणून बाजूला पडली होती, आणि बाळाला टोपरं विणायला घेतलं. पांढरं, कडेला हिरवं.

अशात खंडेनवमी आली.

मी पुरण वाटत होते, त्यामुळे मालक कुठं कुठं काय करत होते ते बघायला मला फुरसत नव्हती. मशीनपाशी बसून त्यांनी जाळी काढलेली मी बघितली. म्हटलं, धुताहेत, बरंच आहे. नंतर बघते तर मशीनच्या दाराला झेंडूचा हार, हळदीकुंकवाची पाच बोटं, आणि वर आपट्याची पानं. मशीन नवरीसारखं दिसत होतं. मी हार तेवढा सरकवला, कारण तो बटणावर आला होता.

दसऱ्याला आम्ही पाहुण्यांकडं जेवायला होतो. दुसऱ्या दिवशी सगळी साचलेली भांडी भरली, मशीन लावलं. पाणी घेतलं, आत खळखळ झाली, आणि पाणी बाहेर टाकायची वेळ आली तशी आतनं नुसतं "गुंऽऽ" असा आवाज. मग टींटींटीं. लाल दिवा उघडझाप करायला लागला. मोरीत नळीच्या तोंडाकडं बघितलं तर थेंब नाही. दार उघडलं, तर तळाला पिवळसर पाण्याचं डबकं. मला वाटलं कटाची आमटी असेल.

कंपनीच्या नंबरला फोन लावला. तिकडची मुलगी गोड बोलली, पण म्हणाली, आमचा माणूस दिवाळीनंतर तुमच्या बाजूला येईल. दिवाळीला तर लेक यायची होती, बाळंतपणालाच. तिला मशीन बंद दिसलं असतं तर पोट सांभाळत ती मोरीत बसली असती. ती बसू नये म्हणून मी बसले असते. आणि मग थंडीत माझे हात परत चाळण. मी ते अर्धं विणलेलं टोपरं उचललं आणि बाजूला ठेवलं.

मालक म्हणाले, "मी घासतो भांडी. फौजेत परातीच्या पराती घासल्यात." त्यांनी घासली. पावडर इतकी घातली की संध्याकाळच्या चहाला फेस आला. जाऊबाईनं कप नाकाशी धरला आणि म्हणाली, "आवं भावजी, चा हाय का शेविंगचं पाणी?"

"प्यायचा तर पी," मालक म्हणाले.

"पिते की. आतनं बी स्वच्छ हुईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, खोलायचं. मालकांना म्हटलं, "आवं, मला काय हात घालता येणार न्हाई. डोकं माझं, हात तुमचं. मी सांगीन तसं करायचं. मधी अक्कल चालवायची न्हाई."

त्यांनी लुंगी वर खोचली आणि टाचा जुळवल्या. "जी मॅडम."

जाऊबाई उंबऱ्यावर येऊन बसली. तिनं निवडायला मेथी आणली होती, म्हणजे बराच वेळ थांबायच्या तयारीनं.

मी पाटावर बसले, हातात बॅटरी. आधी पिन काढायला लावली. वीज आणि पाणी एकत्र म्हणजे थट्टा नाही, हे माझं पहिलं. मग नळी बघितली. खुंटीवरनं काढून मोरीत खाली धरली, वाकली-पिळली आहे का ते चाचपलं, तिच्यात फुंकर मारली. नळी मोकळी होती.

"नळीत काय न्हाई, तर पोटात हाय," मी म्हटलं. "खालचा भांडी ठेवायचा जाळीचा कप्पा बाहेर काढा. आता वाटीनं पाणी उपसा."

त्यांनी पाणी उपसलं, राहिलेलं फडक्यानं टिपलं. मग मधली गोल जाळी उलट्या बाजूनं फिरवून वर काढली. जाळीखाली काही तांदूळ होते. लालसर. मी ते बघितले, पण भाताची शितं असतील म्हणून सोडून दिले.

"भात कोण जेवलं होतं दसऱ्याला?" जाऊनं विचारलं. तिची नजर घारीची.

"मधी बोलू नको गं. आवं, आता खाली खड्डा हाय बगा. त्यात एका बाजूला छोटं झाकण असंल. त्ये चिमटीनं वर ओढा. आलं? आता त्याच्या आत चाक असतंय, पाणी बाहीर टाकणारं. बोट घालून बगा, फिरतंय का."

मालकांनी हात आत घातला. कोपरापर्यंत गेला. चेहरा वर, डोळे छताकडं, जसं गाईचं वासरू अडलं की करतात तसं. आणि मग एकदम थांबले.

"फिरतंय का?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आवं, फिरतंय का चाक?"

"न्हाई."

"काय अडाकलंय?"

"काय न्हाई."

"काय न्हाई, मग फिरंना का?"

त्यांनी हात आतच ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अगं, गणपती हाय."

जाऊच्या हातातली मेथी खाली पडली. मी बॅटरी त्यांच्या तोंडावर धरली. "कसला गणपती?"

मग सगळं बाहेर आलं. खंडेनवमीला त्यांनी जाळी काढली, धुतली, पुसली. खाली बघतात तर तो गोल खड्डा. त्यांना वाटलं, देवाला बसायला इतकी बरोबर जागा दुसरी कुठली? त्यांनी त्यात अक्षता टाकल्या, सुपारीचा गणपती बसवला, हळदीकुंकू वाहिलं, हात जोडले आणि वरनं जाळी लावून टाकली.

"आणि उठवला न्हाई?"

"मुद्दाम ठेवला. तुझ्या हातासाठनं मशीन आलंय, म्हटलं राहू दे राखणीला."

आता अशा माणसाला काय म्हणायचं? मला रागावायचं होतं. जमलं नाही. कारण जाऊबाई आधीच भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून हलत होती. "गणपती बसवला त्ये बसवला, आन वरनं गरम पाणी! देवाला आंघुळ घालावी, पर किती!"

मी म्हटलं, "काढा त्याला आता. सांडशी देऊ?"

"सांडशी?" मालकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवघराला कुऱ्हाड लावा म्हणाले. "देवाला सांडशी लावू? आधी हलवावा लागंल. उत्तरपूजा केल्याबिगर कसा काढायचा? जरा अक्षता आण."

"अक्षता नकोत!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

मग बिनअक्षतांची उत्तरपूजा झाली. मालक मशीनच्या दाराशी मांडी घालून बसले. हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं, "पुनरागमनाय—"

"आवं, त्ये नका म्हणू! परत येऊ नको म्हणा!"

"असं कसं म्हणायचं देवाला?"

"मग देवघरात या म्हणा. हितं नको."

त्यांनी तसंच म्हटलं, शब्दाला शब्द. "देवा, देवघरात या, हितं नको." जाऊबाईंनी "मोरया" म्हटलं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं, हसून.

पण सुपारी निघेना. पाण्याच्या ओढीनं झाकणाखालच्या फटीतनं आत सरकून, गरम पाण्यात फुगून ती चाकाच्या दोन पात्यांमध्ये घट्ट बसली होती. बोटाला नुसती निसटायची. सुरी घातली असती तर पातं तुटलं असतं, आणि मग खेळ खलास. चमच्याचं टोक जाड. मी इकडंतिकडं बघितलं. टोपऱ्यात खोचलेली माझी क्रोशाची सुई समोरच होती. बारीक, पुढं आकडा.

मी टोपऱ्यातनं ती काढली आणि मालकांच्या हातात दिली. "ओढायचं न्हाई. खालनं घालायची, आकडा वर, आन हळूच कलवायचं. टाका उचलतो तसं."

"मला काय म्हाईत टाका कसा उचलत्यात?"

मी माझा हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि हवेतच एक टाका उचलून दाखवला. त्यांनी हात आत घातला. श्वास धरला. जाऊनंसुद्धा धरला, म्हणजे बघा. आत टक् असं वाजलं.

हात बाहेर आला तेव्हा त्यांच्या तळव्यावर गणपती होता. कुंकू धुऊन गेलेलं, एका बाजूला थोडा चेचलेला, पण अख्खा. मालकांनी त्याला कपाळाला लावलं.

"चाक बगा आधी," मी म्हटलं. "फिरतंय का?"

"फिरतंय," ते म्हणाले. "भिंगरीवाणी!"

राहिलेले तांदूळ टिपून काढले. झाकण खट् आवाज येईपर्यंत दाबलं. जाळी बसवून घट्ट फिरवली, कारण ती सैल राहिली तर पुन्हा कूट खाली जाणार. पिन लावली. भांडी न घालताच मशीन सुरू केलं आणि आम्ही तिघंही मोरीपाशी जाऊन नळीच्या तोंडाकडं बघत उभे राहिलो. आत पाणी आलं. खळखळलं. मग क्षणभर सगळं शांत. जाऊनं माझा दंड धरला.

आणि नळीनं एकदम चूळ टाकावी तसं भसकन पाणी टाकलं. पहिला फवारा मालकांच्या पायावर. ते नाचायला लागले, खरंच नाचले, लुंगी धरून. जाऊबाई टाळ्या पिटत होती. मी बॅटरी विझवायची विसरले, ती दिवसभर तशीच चालू राहिली.

दुपारी जाऊबाई दोन पातेली घेऊन आली. नजर दुसरीकडं ठेवून म्हणाली, "न्हाई म्हंजे, जागा असंल तर. खालचं करपलंय जरा." जागा होती. पातेली तिला परत केली तेव्हा त्यांत मी पुरण घातलं, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच पातेल्यातनं लसणाची चटणी घेऊन आली. आता तिची पातेली रोज करपतात.

लेक दिवाळीला आली. मालकांनी मला शपथ घातली होती की तिला सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. जाऊबाईंनी पहिल्या चहाला सांगितलं, आवाज काढून, हात आत घालून, सगळं करून दाखवलं. लेकीला हसून हसून उचकी लागली. मालक पेपर वाचत बसले. पेपर उलटा होता.

थंडीत कराडच्या दवाखान्यात नात झाली. घरी आणली त्या संध्याकाळी पाचवीची पूजा मांडायला घेतली. जाऊ म्हणाली, "सुपारी कुठाय?" मालकांनी देवघरातनं ती आणली, तीच, एका बाजूनं चेचलेली. मी बघतच राहिले. ते म्हणाले, "पाण्यातनं, आगीतनं गेलेला देव हाय त्यो. पोरीला ह्योच राखील." पूजा झाली, आणि ती सुपारी हलवून देवघरात परत गेली का, हे मी आणि जाऊनं दोघींनी जाऊन बघितलं.

नाळ पडेपर्यंत अंघोळ घालायची नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. नाळ पडली. त्या सकाळी लेक उठून माझ्यापाशी आली. अंगावर पंचमीची ती रेशमी साडी. मी म्हटलं, "बाळंतिणीनं ही कशाला नेसली?" तिनं माझा हात धरला, स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि पदरावरनं खालपर्यंत ओढत नेला. हात घसरत गेला. कुठंच अडकला नाही.

"घाल आता," ती म्हणाली.

न्हाणीत मी पाय पसरून बसले आणि नातीला नडग्यांवर घेतलं. कोमट तेल तळव्यावर घेतलं. इवल्या पाठीवरनं हात फिरवला, मानेपासनं टाचेपर्यंत. मला वाटलं होतं रडेल. पोरीनं तोंड उघडलं, आणि मोठी जांभई दिली. शेजारी स्वयंपाकघरात मशीन चालू होतं, त्यानं मोरीत भसकन पाणी टाकलं, तरी ती दचकली नाही.

जाऊबाई तांब्या भरून केव्हाची उभी होती. "आवं आक्का, पाणी वतू का पाणी गार झाल्यावर वतू?"

"थांब गं," मी म्हटलं. "अजून एकदा तेल लावते."